पैसे आले, पण कोणत्या खात्यात?

दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी शेजारच्या काकू पासबुक घेऊन आमच्या ओसरीवर येऊन बसल्या. "भाऊ, पोराच्या मोबाइलवर पैसे आल्याचा मेसेज हाय. बँकेत गेली त साहेब म्हणते, खात्यात काईच नाही. मंग गेले कुठी?" पीएम किसानच्या हप्त्याचे दोन हजार रुपये होते. त्यासाठी काकूंनी हिंगणघाटची एसटी धरली, अर्धा दिवस रांगेत उभ्या राहिल्या, वर कापूस वेचणीचा एक रोज बुडाला तो वेगळाच.

दुसऱ्या दिवशी गावातल्या सेवा केंद्रावर बसून शोध घेतला, तेव्हा उलगडा झाला. पोळ्याच्या सुमारास आठवडी बाजारात सिमकार्ड विकणाऱ्या एका पोरानं काकूंचा अंगठा घेतला होता. सिमसोबत एका दुसऱ्याच बँकेत त्यांच्या नावानं खातंही उघडलं गेलं. काकूंना त्याचा पत्ताच नव्हता. पैसे त्या खात्यात सुखरूप पडून होते.

असं का होतं, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण डिजिटल कारभार म्हणजे काय ते या एका गोष्टीत बरंचसं दिसतं.

सरकार जेव्हा "आधारवर" पैसे पाठवतं, तेव्हा ते तुमचा खाते क्रमांक वापरत नाही. ते फक्त आधार क्रमांक आणि रक्कम पुढे देतं. हा आधार क्रमांक कोणत्या बँकेचा, हे सांगणारी एक मोठी वही नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या संस्थेकडे आहे. यूपीआय चालवणारीही हीच संस्था, २००८ साली स्थापन झालेली. त्या वहीत एका आधार क्रमांकासमोर एकाच बँकेचं नाव राहतं. नव्या बँकेनं तुमची संमती घेतल्याचं सांगून आपलं नाव नोंदवलं की जुन्या बँकेचं नाव पुसलं जातं. पैसे त्या बँकेकडे जातात आणि बँक आपल्या दप्तरातून तुमचं खातं शोधून त्यात ते टाकते. पोस्टमनला पत्त्याऐवजी नुसतं नाव दिलं आणि "हा माणूस सध्या कोणाकडे राहतो" हे चावडीवर विचारून घे म्हटलं, तसाच हा प्रकार.

इथेच आपल्याकडे एक घोळ होतो. बँकेतले लोक म्हणतात, "तुमचं आधार लिंक आहे." शेतकरी म्हणतो, "मग पैसे का नाही?" दोघंही खरं बोलत असतात. खात्याच्या कागदपत्रांत आधार जोडलेलं असणं ही एक गोष्ट, आणि त्या मोठ्या वहीत तुमच्या आधारपुढे त्या बँकेचं नाव असणं ही दुसरी. दुसरीला सीडिंग म्हणतात. अनुदानासाठी सीडिंगच लागतं. आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून सध्या कोणत्या बँकेचं नाव चढलेलं आहे ते पाहता येतं. ते बदलायचं असेल तर ज्या बँकेत पैसे हवे त्या बँकेत फॉर्म भरून द्यायचा. दोन मिनिटांत सांगता येते एवढीच ही माहिती आहे, पण ती नसल्यामुळे लोकांनी किती चपला झिजवल्या ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता थोडं मागे जाऊ. डिजिटल तंत्रज्ञानानं अर्थव्यवस्था बदलते असं आपण ऐकतो, तेव्हा नेमकं काय बदलतं? मला ते असं दिसतं: तीन कामं स्वस्त होतात. दूरची बातमी कळणं, पैसा इथून तिथं पोचणं आणि "मी तोच आहे" हे पटवून देणं. ही कामं पूर्वी महाग होती, म्हणून त्यांच्यासाठी मधला माणूस लागायचा. दलाल, अडत्या, सावकार, तलाठी, बँकेचा शिपाई. काम स्वस्त झालं की मधला माणूस जाईल असं वाटतं. तो जात नाही. जागा बदलून बसतो.

वऱ्हाडाला हा अनुभव नवा नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं आणि इंग्लंडच्या गिरण्यांना आपल्या कापसाची गरज पडली. १८७० साली लॉर्ड मेयोनं जलंब ते खामगाव रेल्वेचं उद्घाटन केलं. त्याच वर्षी समुद्राखालच्या तारेनं मुंबई इंग्लंडशी जोडली गेली. त्या काळाची ती डिजिटल क्रांतीच म्हणा. लिव्हरपूलचा भाव कळायला जहाजाची वाट पाहायची गरज उरली नाही. पण तार वाचता कोणाला येत होती? व्यापाऱ्याला. बैलबंडी घेऊन आलेल्या कास्तकाराला भाव तोच माणूस सांगे, जो कापूस विकत घेणार होता.

आज ती तार प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि हा फरक मोठा आहे. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञानं उत्तर केरळच्या मासेमारांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. १९९७ ते २००१ या काळात तिथं मोबाइल आले. समुद्रातूनच फोन करून कोणत्या बंदरावर गिऱ्हाईक आहे ते नावाड्यांना कळू लागलं. त्याआधी एका बंदरावर मासे सडायचे आणि थोड्याच अंतरावरच्या दुसऱ्या बंदरावर मिळायचे नाहीत. मोबाइलनंतर भावातली तफावत जवळजवळ मिटली, नासाडी थांबली. मासेमाराचं उत्पन्न वाढलं आणि खाणाऱ्याला मासा थोडा स्वस्तही पडला.

मग कापसाचं तसंच का झालं नाही? आमच्या गावातल्या पोरांना वायदेबाजाराचा भाव दिवसातून चार वेळा व्हॉट्सअॅपवर येतो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, हे शेंबड्या पोरालाही पाठ होतं. तरी दसऱ्याच्या आसपास गावात गाडी घेऊन येणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला लोक त्यापेक्षा कमी भावानं कापूस देतातच. भाव माहीत असणं आणि तो भाव मिळेपर्यंत थांबता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सणाला पैसे हवे, कृषी केंद्राची उधारी फेडायची, वेचणाऱ्या बायांना आठवड्याला रोख द्यायची. पहिल्या वेच्यात ओलावाही जास्त असतो. हमीभावाचा पूर्ण दर ८ टक्क्यांपर्यंतच्या ओलाव्याला. त्यावर १२ टक्क्यांपर्यंत कपात होऊन खरेदी, आणि त्यापुढे गाडी परत. फोन भाव सांगतो. वाळवायला जागा आणि थांबायला पैसा त्याच्याकडे नाही.

त्या हंगामात आणखी एक बदल झाला. भारतीय कपास निगमनं हमीभावानं कापूस विकायला "कपास किसान" अॅपवर नोंदणी आणि वेळ ठरवून घेणं सुरू केलं. कल्पना चांगली आहे. केंद्रासमोर गाड्यांची दोन-दोन दिवसांची रांग, थंडीत बंडीखाली झोपणारी माणसं, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. वेळ ठरलेली असेल तर ते टळतं. पण अॅप चालायला मागे काय लागतं ते पाहा. सातबारावर कापसाची नोंद हवी. ती नोंद होते ई-पीक पाहणीतून, जी राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. त्यासाठी वावरात उभं राहून फोटो काढायचा. शिवाय आधार, आधारशी जुळणारा मोबाइल नंबर, आणि सीडिंग झालेलं खातं. ही साखळी आहे. एक कडी तुटली की कापूस घरातच राहतो.

ई-पीक पाहणीचं एक सांगून ठेवतो, कारण लोक वावरात जाऊन "रेंज नाही" म्हणून परत येतात. फोनला आपण कुठं उभे आहोत हे कळतं ते मोबाइलच्या टॉवरवरून नव्हे, उपग्रहांवरून. वर फिरणारे उपग्रह सतत वेळ सांगत असतात. फोन किमान चार उपग्रहांचा संकेत पकडतो, कोणता किती उशिरा पोचला यावरून अंतर काढतो आणि त्या अंतरांवरून आपली जागा ठरवतो. म्हणून रेंज नसली तरी जागा सापडते. फक्त आभाळ मोकळं हवं, दाट झाडाखाली उभं राहू नये, आणि फोनला मिनिटभर वेळ द्यावा. फोटो पाठवायला मात्र रेंज लागते. तिथं गावची अडचण सुरू होते: लाइट गेली की थोड्या वेळात टॉवरही जातो.

या साखळीत एक माणूस मात्र कुठंच दिसत नाही, आणि मला सगळ्यात जास्त तेच खुपतं. मक्त्यानं शेती करणारा. मालक नागपूरला किंवा पुण्याला, सातबारा त्याच्या नावावर, राबणारा गावातला. करार तोंडी. पूर्वी वावर कोण वाहतं हे तलाठ्याला, कोतवालाला, अख्ख्या गावाला माहीत असायचं आणि माणूस पाहून थोडंफार सांभाळून घेतलं जायचं. यंत्र सांभाळून घेत नाही. त्याच्या लेखी शेतकरी म्हणजे ज्याचं नाव नोंदीत आहे तो. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो, आणि तो मिळतो जमिनीच्या नोंदीवरून. विमा, अनुदान, हमीभाव, सगळं त्या क्रमांकामागून येतं. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, ज्यानं पेरली, डवरली, राखली, त्याला मालकाच्या ओटीपीसाठी फोन करून मिनतवारी करावी लागते. कागदावरचा जुना अन्याय होता तसाच यंत्रात गेला, फक्त त्याला आता वाकवता येत नाही.

बायांचंही तसंच आहे. घरात एक स्मार्टफोन, तो नवऱ्याकडे नाहीतर पोराकडे. ओटीपी त्याच्या हातात, म्हणजे किल्ली त्याच्या हातात. लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये २०२४ पासून बाईच्या खात्यात येऊ लागले, आणि स्वतःच्या नावाच्या खात्यात दर महिन्याला रक्कम येण्याची ती अनेकींची पहिलीच वेळ होती. त्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण २०२५ मध्ये ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख-पडताळणी आली, तेव्हा पती किंवा वडिलांच्या आधारवरचा ओटीपी मागितला गेला. ज्या भागात शेतकरी आत्महत्यांनी इतक्या बाया एकट्या पडल्या, तिथं हा रकाना भरायचा कसा? पुढे कागदपत्रं देऊन मार्ग काढायची सोय झाली. पण फॉर्म तयार होताना एकटी बाई कोणाच्या डोळ्यांसमोरच नव्हती, हे त्या रकान्यानं दाखवलं.

पैसा पोचण्याचा भाग मात्र खरंच सुधारला, हे मान्य करायलाच हवं. ज्यांनी १९७२ पासूनच्या एकाधिकार कापूस खरेदीचे दिवस पाहिले, त्यांना विचारा. चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, कधी मिळेल याचा नेम नसायचा. आता तो थेट खात्यात येतो. २०१६ साली यूपीआय आलं आणि आठवडी बाजारात भाजीच्या पालापाशीही काळ्या-पांढऱ्या चौकटींचा कागद लटकू लागला. ते क्यूआर चिन्ह १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची मोजदाद ठेवायला बनवलं गेलं होतं. त्यात पैसे नसतात, फक्त दुकानदाराचा पत्ता असतो. तुम्ही पिन टाकला की तुमचं अॅप यूपीआय चालवणाऱ्या त्या मधल्या संस्थेला कळवतं, ती तुमच्या बँकेला "वजा कर" आणि त्याच्या बँकेला "जमा कर" सांगते.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवायची: पिन लागतो तो फक्त खात्यातून पैसे जाताना किंवा शिल्लक पाहताना. पैसे यायला पिन लागत नाही. "तुम्हाला पैसे पाठवतो, पिन टाका" म्हणणारा चोर आहे. व्हॉट्सअॅपवर योजनेच्या नावानं आलेली, शेवटी एपीके लिहिलेली फाइल उघडायची नाही. ती तुमचे ओटीपी वाचणारं अॅप असते. अंगठा लावून पैसे काढताना "उमटला नाही, पुन्हा लावा" असं ऐकलं तर आधी पावती मागायची. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करायचा. तासाभरात केला तर रक्कम पुढे जायच्या आत गोठवता येण्याची आशा असते.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे येऊ, कारण सध्या सगळीकडे तेच नाव आहे. नागपूरजवळच्या सातनवरी गावात २०२५ मध्ये त्याचा मोठा प्रयोग सुरू झाला. त्याआधी २०१६ साली मेळघाटातलं हरिसाल डिजिटल गाव म्हणून पुढे आलं होतं. या बुद्धीत नेमकं काय असतं? पिकाच्या पानाचा फोटो काढला की रोग सांगणारी अॅप आहेत. यंत्राला पान म्हणजे काय ते कळत नाही. जाणकारांनी "हा अमुक रोग, हा तमुक" असं लिहून दिलेले हजारो फोटो त्याला दाखवलेले असतात. कोणत्या रोगाबरोबर कोणते रंग, कोणते डाग येतात याचा हिशोब ते मनाशी बांधतं. नवा फोटो आला की सगळ्यात जवळचं उत्तर देतं.

कापसाचं पान लाल पडलेलं घ्या. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलं, पाणी साचलं, रात्री थंड झाल्या, की पान लाल होतं. त्याला आपण लाल्या म्हणतो. तुडतुड्यांनी रस शोषला तरी पान लाल होतं. पण तुडतुड्यांच्या पानाच्या कडा आधी पिवळ्या पडून खाली वळतात, आणि पान उलटं करून पाहिलं तर हिरवे बारीक किडे तिरपे पळताना दिसतात. फोटो वरून काढला तर यंत्राला ते पळणं दिसत नाही. लाल्याला तुडतुडे समजून कीटकनाशक मारलं तर फवारणीचा खर्च वाया आणि पान लालच. म्हणून माझं सांगणं असतं, अॅपला विचारा, पण आधी पान उलटं करा.

जिथं माणसाचा डोळा पोचत नाही तिथं मात्र हेच यंत्र फार कामाचं आहे. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत बसते. डोमकळी, म्हणजे अळीमुळे न उमललेलं फूल, दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. मादीच्या वासानं नर पतंग ओढून घेणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तर फवारणीची वेळ आली, हा ठरलेला नियम. पण रोज सकाळी सापळे मोजायला कोण जातं? सापळ्यात कॅमेरा बसवून पतंग मोजणारी आणि आकडा फोनवर पाठवणारी यंत्रं आता आली आहेत. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं त्यावर काम केलं आहे. कंटाळवाणं, रोजचं, न चुकता करायचं काम यंत्राला द्यावं, हे मला पटतं.

फवारणीचंही तसंच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत पाठीवर पंप घेऊन शिरणारी ती माणसं बहुतेक मजूर आणि छोटे शेतकरी होते. ड्रोननं फवारलं तर माणूस विषाच्या ढगात उभा राहत नाही, आणि एकर दहा मिनिटांच्या आसपास होतो. नमो ड्रोन दीदी योजनेतून बचत गटांच्या बायांना ते चालवायचं शिक्षण मिळू लागलं आहे. पण फवारणीच्या रोजावर ज्याचं पावसाळ्यातलं घर चालत होतं, त्याच्यासाठी काय, हे कोणत्याच योजनेत लिहिलेलं मला दिसलं नाही.

एक दृश्य मनातून जात नाही. रेशन दुकानात एक आजी होत्या. मशीनवर अंगठा ठेवला, लाल दिवा. पदराला पुसला, पुन्हा लाल. कोणीतरी तेलाचं बोट दिलं, तरी लाल. मग एकेक करून दहाही बोटं. आयुष्यभर निंदण, वेचणी, शेण-गवऱ्या करून त्या बोटांवरच्या रेघाच झिजल्या होत्या. मागची रांग कुरकुरत होती आणि आजी दुकानदाराकडे गुन्हा केल्यासारखं पाहत होत्या. आधार चालत नाही म्हणून कोणाचं धान्य अडवू नये, असं केंद्रानं २४ ऑक्टोबर २०१७ रोजीच राज्यांना लेखी कळवलं आहे. ओटीपी, डोळ्यांची ओळख किंवा नोंदवहीत लिहून धान्य देणं, असे पर्याय आहेत. आजींना ते माहीत नव्हतं. त्या दिवशी मलाही नव्हतं, आणि त्या पिशवी घडी करून घरी गेल्या.

तेव्हापासून मी त्या पत्राची प्रत सेवा केंद्राच्या भिंतीवर चिकटवून ठेवली आहे, मराठीत, मोठ्या अक्षरात. शेजारी दुसरा कागद आहे: सीडिंग कुठं पाहायचं, बदलायचा फॉर्म कोणत्या बँकेत द्यायचा, १९३० हा नंबर. काकूंचा फॉर्म आम्ही त्याच आठवड्यात भरून दिला. पुढचा हप्ता जुन्या खात्यात आला. पासबुक छापून आणून त्यांनी ती ओळ मला दाखवली आणि मग विचारलं, "त्या सिमवाल्या खात्यातले दोन हजार कसे काढाचे, ते सांग आता."